स्वस्त प्रीॲम्प, दणदणीत गिटार

(दृश्य: ॲम्पच्या जाळीला जवळजवळ टेकलेला माइक. मागे दोन प्रीॲम्प, एक स्वस्तातला, एक महागडा.)

शुअर एसएम५७. १९६५ साली आलेला हा डायनॅमिक माइक आजही गिटार ॲम्पसमोर हमखास दिसतो. ९४ डेसिबलच्या आवाजाला तो जेमतेम १.६ मिलिव्होल्ट देतो. एवढासा सिग्नल रेकॉर्डिंगला पुरेल इतका वाढवायचा, हे प्रीॲम्पचं काम. त्यासाठी किती पैसे ओतायचे, यावर वाद घालायला गिटारवाल्यांना फार आवडतं. आपण नुसतं ऐकूया.

पण ऐकायचं तर नीट. तोच वादक तीच ओळ दोनदा अगदी तशीच वाजवत नाही. म्हणून गिटार आधी थेट रेकॉर्ड करून ठेवली आहे आणि तेच रेकॉर्डिंग रीॲम्प बॉक्समधून पुन्हा पुन्हा ॲम्पला दिलं जातंय. माइक जागचा हलवायचा नाही. एक स्थिर सूर वाजवून दोन्ही प्रीॲम्पची पातळी ०.१ डेसिबलपर्यंत जुळवायची. हा खटाटोप कशाला? जे किंचित मोठं ऐकू येतं ते कानाला चांगलं वाटतं, आणि निम्म्या तुलना तिथेच फसतात.

(दृश्य: स्वस्त प्रीॲम्पचा गेन, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा नॉब, पूर्ण उघडलेला. फक्त हिस, म्हणजे सूं-सूं अशी खरखर, ऐकू येतो.)

स्वस्त प्रीॲम्पला नावं ठेवायची असली की हा हिस ऐकवतात. पण जरा हिशेब करा. स्पीकरच्या तोंडाशी आवाज सहज ११४ डेसिबलवर जातो, म्हणजे माइकमधून दहापट, १६ मिलिव्होल्ट निघतात. तिथून लाइन लेव्हलला, म्हणजे रेकॉर्डिंगच्या यंत्रांना लागणाऱ्या पातळीला, पोहोचायला साधारण ३८ डेसिबल गेन पुरतो. तेवढ्या गेनवर ॲम्पचा स्वतःचा हिस आणि गुणगुणणारा हम प्रीॲम्पच्या खरखरीला केव्हाच गिळून टाकतात.

खरी परीक्षा उलट्या टोकाला आहे. डायनॅमिकऐवजी कंडेन्सर माइक लावा. तोच आवाज आता कितीतरी जास्त व्होल्टेज घेऊन येतो. सिग्नल आधीच कमी करणारं पॅडचं बटण नसेल आणि गेन शून्यावर आणूनही इनपुट क्लिप होत असेल, म्हणजे सिग्नल मावत नसल्याने फाटत असेल, तर पुढे आउटपुट कमी करून काहीही वाचत नाही. आणि हे तपासायला डिस्टॉर्शनवाली गिटार घेऊ नका, तिच्यात प्रीॲम्पचं फाटणं लपून जातं. क्लीन सूर, पिकचा खणखणीत आघात. तिथे कळतं.

(दृश्य: स्वस्त प्रीॲम्पच्या छोट्या खिडकीतून दिसणारी चमकणारी ट्यूब, म्हणजे काचेची व्हॅक्यूम नळी.)

ही ट्यूब मात्र बघायचीच. स्वस्त मॉडेलमध्ये तिला बऱ्याचदा फारच कमी व्होल्टेजवर चालवतात. काहींत तर झगमगाटासाठी मागे दिवा लावलेला असतो. ऊब वगैरे ठीक आहे, पण ती डोळ्यांनी ऐकू नये.

आता माइक स्पीकरच्या मध्यापासून कडेकडे दोन बोटं सरकवू. ट्रेबल उतरला, सूर जाडसर झाला. दोन प्रीॲम्पमधला फरक शोधायला कान टवकारावे लागत होते, हा फरक शेजारच्या खोलीतूनही कळेल. शिवाय गिटारचा स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने उतरतो. त्यामुळे २० किलोहर्ट्झपर्यंत सरळ रेघ असलेला प्रीॲम्पचा तो देखणा आलेख इथे फारसा उपयोगाचा नाही.

(दृश्य: रिबन माइक, लहान ॲम्प, आवाज अगदी कमी.)

शेवटची चाचणी. पॅसिव्ह रिबन माइक, म्हणजे अगदी क्षीण सिग्नल देणारा, आणि गप्पा मारता येतील इतक्या हळू वाजणारा ॲम्प. आता ६० ते ७० डेसिबल गेन लागतो. स्वस्त प्रीॲम्पचा नॉब इथे शेवटच्या टप्प्यात येतो आणि केसभर फिरवला तरी आवाज एकदम उडी मारतो. मघाचा तो हिस आता दोन सुरांच्या मधल्या जागेत स्पष्ट ऐकू येतोय. महागड्यात तो जवळपास नाही. अशा रेकॉर्डिंगसाठी जास्त पैसे मोजायला माझी हरकत नाही.