बर्फाआधीचे मीठ

श्रोतेहो, नमस्कार. इंग्लंडमध्ये नव्याने बिऱ्हाड मांडलेल्या मराठी कुटुंबांना पहिल्या हिवाळ्यात एक दृश्य हमखास बुचकळ्यात टाकते. संध्याकाळी आभाळ स्वच्छ असते, बर्फाचा मागमूस नसतो, आणि तरीही पिवळा दिवा लावलेली एक अवजड गाडी रस्त्यावर तपकिरी खडे उधळीत निघून जाते. ही कौन्सिलची, म्हणजे इथल्या स्थानिक पालिकेची, ग्रिटर गाडी. ते खडे म्हणजे खनिज मीठ, आपल्या उपवासाच्या सैंधवाच्याच जातीचे. मातीचा अंश असल्यामुळे ते तपकिरी दिसते. चेशर परगण्यात विन्सफर्डला १८४४ साली सुरू झालेली या मिठाची मोठी खाण आहे.

लहानपणी मे महिन्यात आइस्क्रीमचा पॉट फिरवताना आपण बर्फावर खडेमीठ घालत असू. बर्फ भराभर वितळे आणि ते खारे पाणी शून्याच्या खाली जाऊनही गोठत नसे. रस्त्यावर हेच साधायचे असते. मात्र खडे भरडून त्यांचे पाणी व्हायला वरून वाहनांची चाके फिरावी लागतात, म्हणून मीठ पडले तरी रहदारी नसलेल्या रस्त्यावर निर्धास्त राहू नये. आणि पारा उणे दहापर्यंत उतरला की मिठाचीही मात्रा फारशी चालत नाही.

कौन्सिलची खरी कसोटी दुपारीच लागते. हवामानाचा अंदाज आणि रस्त्यात बसवलेल्या सेन्सरांवरचे तापमान पाहून, त्या रात्री गाड्या काढायच्या की नाहीत, हे ठरवावे लागते. लवकर टाकलेले मीठ पावसाने वाहून जाते, आणि उशीर झाला तर बर्फात तुंबलेल्या रहदारीत ग्रिटरही अडकतात. २००९-१० च्या कडाक्यात मिठाचाच तुटवडा पडला होता.

हिम आणि बर्फामुळे रस्ते धोक्याचे होऊ नयेत, ही जबाबदारी १९८० च्या महामार्ग कायद्यात २००३ साली घातली गेली, पण ‘व्यवहार्य असेल तितपत’ या शब्दांसह. त्यामुळे मुख्य रस्ते, बसचे मार्ग आणि रुग्णालयांकडे जाणारे रस्ते आधी होतात, आणि गल्लीबोळ बहुधा वगळले जातात. हा नाइलाज मला पटतो. पटत नाही तो चढावरचा रिकामा पिवळा डबा, म्हणजे रहिवाशांनी रस्त्यावर टाकायच्या मिठाचा ‘ग्रिट बिन’. दोन वर्षांपूर्वी आमच्या चढावरच्या ग्रिट बिनमध्ये कुजलेल्या पानांखेरीज काही नव्हते, आणि पहाटेच्या पाळीला निघालेल्या शेजारच्या परिचारिकाताई तिथेच घसरून त्यांचे मनगट मोडले. कौन्सिलला कोणी कळवलेच नव्हते, मीही नाही.

म्हणून नोव्हेंबर लागण्याआधी आपल्या गल्लीतल्या डब्याचे झाकण उघडून पाहा, आणि तो रिकामा असेल तर कौन्सिलला कळवा. दारापुढचा बर्फ सकाळी ताजा असतानाच काढा. त्यावर गरम पाणी ओतू नका, कारण तेच पुढे गोठून न दिसणारा निसरडा थर होतो. बर्फ काढल्यावर साधे मीठ भुरभुरले तरी चालते. डब्यातले मीठ मात्र सार्वजनिक रस्त्यासाठी असते. ते ओल्या वाळूसारखे जड असते आणि फावडे घरूनच न्यावे लागते.