शेवटचा शब्द त्यांचा

(संगीतोपचारावरच्या माहितीपटाचं निवेदन. एक खोली. की-बोर्ड, दोन खुर्च्या, एक व्हीलचेअर. पार्श्वसंगीत नाही.)

व्हीलचेअरवर बसलेल्या या काकांना सहा महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला, वाचा गेली. समोरच्याचं बोलणं त्यांना बऱ्यापैकी कळतं. उत्तरही मनात तयार असतं. ते ओठांपर्यंत येतं आणि तिथेच अडतं. तहान लागली तरी 'पाणी' हा शब्द निघत नाही. निघतो एक घुसमटलेला आवाज, आणि मग डाव्या हाताची टेबलावर रागाने मारलेली थाप.

समोर बसलेली तरुणी संगीतोपचारक आहे, म्युझिक थेरपिस्ट. काकांच्या तरुणपणीचं एक गाणं तिने धरलंय. पहिली ओळ ती गाते आणि शेवटच्या शब्दाआधी थांबते. की-बोर्डवरची बोटंही थांबतात.

(पाच सेकंद शांतता. इथे निवेदन नाही.)

आणि काका तो शब्द गातात. स्वच्छ, सुरात, अगदी समेवर.

भिंतीशी उभ्या असलेल्या काकूंनी सहा महिन्यांत त्यांच्या तोंडून एकही अख्खा शब्द ऐकलेला नव्हता. त्यांना हा चमत्कार वाटला तर नवल नाही. पण ही गोष्ट फार पूर्वीच लोकांच्या लक्षात आली होती. 18व्या शतकात स्वीडनमध्ये अशा एका माणसाची नोंद झाली, ज्याची वाचा गेली होती, पण प्रार्थनागीतं मात्र तो शब्दांसकट गाऊ शकायचा. पुढे 1861 मध्ये पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यविशारदाने एका रुग्णाचा मेंदू मृत्यूनंतर तपासला. तो रुग्ण अनेक वर्षं 'टान' एवढाच उच्चार करायचा. इजा सापडली ती मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात, पुढच्या बाजूला. बोलणं घडवण्यात त्या भागाचा मोठा वाटा असतो, हे त्यानंतर हळूहळू मान्य झालं. काकांच्या या अवस्थेला आज वाचाघात म्हणतात, अफेझिया.

गाणं मात्र मेंदूत एकाच ठिकाणी वस्तीला नसतं. सूर, ताल, पाठ झालेले शब्द, त्या गाण्यात गुंतलेला जीव, या सगळ्यासाठी डावा आणि उजवा असे दोन्ही भाग कामाला लागतात. एक बाजू खचली तरी काही वाटा शाबूत राहतात. शिवाय पाठ असलेलं गाणं आपण दरवेळी नव्याने जुळवत नाही. एक शब्द पुढच्याला हात धरून घेऊन येतो. यात सुराचं श्रेय किती, तालाचं किती आणि पाठांतराचं किती, यावर संशोधकांचा वाद अजून चालू आहे.

पण गाण्यातला शब्द जमला म्हणून पाणी मागता येतं, असं नाही. इथून पुढचं काम खूप कष्टाचं आहे, आणि एरवी ते कोणी दाखवत नाही.

(थेरपिस्टच्या हातात काकांचा डावा हात.)

ती एक वाक्य निवडते. 'मला पाणी दे.' पाच अक्षरं. सूर फक्त दोन, एक खालचा आणि एक वरचा. आधी ती नुसतं गुणगुणते आणि दर अक्षराला काकांचा डावा हात टेबलावर हलकेच टेकवते. मग दोघं मिळून म्हणतात. मग ती अर्ध्यावर आपला आवाज काढून घेते आणि काका एकटे पुढे जातात. त्यानंतर आधी ती, मागून काका. मग ती नुसता प्रश्न विचारते आणि उत्तराची वाट पाहते. शेवटी सूरही थोडा थोडा पुसून टाकायचा, म्हणजे उरेल ते साधं बोलणं. बॉस्टनमधल्या संशोधकांनी 1973 मध्ये ही पद्धत मांडली. तिचं नाव मेलडिक इंटोनेशन थेरपी. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा आहे, समज बरीचशी टिकून आहे, पण बोलणं अडलंय, अशा माणसांना तिचा उपयोग होण्याची शक्यता जास्त. सगळ्यांनाच होतो असं नाही. आणि ज्यांना होतो त्यांनाही आठवडेच्या आठवडे लागतात.

ते दोन सूर मनाला येतील तसे लावत नाहीत. बोलताना आवाज जिथे चढतो तिथे वरचा, उतरतो तिथे खालचा. म्हणून इंग्रजीत बेतलेली चाल उचलून मराठी वाक्याला चिकटवता येत नाही. तहानलेला माणूस 'मला पाणी दे' कसं म्हणतो, ते थेरपिस्टने स्वतःच्या कानाने टिपावं लागतं.

8 जानेवारी 2011 रोजी अमेरिकेत, ॲरिझोना राज्यातल्या टूसॉन शहराजवळ, लोकप्रतिनिधी गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्या डोक्यात गोळी झाडली गेली. इजा डाव्या बाजूला झाली आणि वाचाघात झाला. त्यांच्या पुनर्वसनात भाषोपचारांच्या बरोबरीने संगीतोपचारही होते. पुढे त्या पुन्हा लोकांसमोर बोलू लागल्या. पण शब्दांसाठीचं त्यांचं झगडणं संपलेलं नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण अशा कहाण्यांचा शेवट लोकांना फार गोड करून सांगितला जातो.

(लांब व्हरांडा. एक आजी, बाजूला फिजिओथेरपिस्ट, मागे मेट्रोनोमची, म्हणजे ठेका देणाऱ्या यंत्राची, टिकटिक.)

या आजींना पार्किन्सन्स आहे, कंपवात. मेंदूत डोपामिन हे हालचालींसाठी लागणारं रसायन तयार करणाऱ्या पेशी कमी होत गेल्या की 'आता पाऊल टाक' हा आतला इशारा वेळेवर येईनासा होतो. पावलं आखूड पडतात. दाराच्या चौकटीशी तर पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात. मग तो इशारा बाहेरून द्यायचा. कान आणि हालचाल यांचं मेंदूत जवळचं नातं आहे. ठेका ऐकला की मेंदू पुढच्या ठोक्याची वेळ आधीच हेरतो आणि पाय ती गाठायला निघतो.

अमेरिकेत मायकल थाउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये याचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. पार्किन्सन्सच्या रुग्णांनी 3 आठवडे ठेक्यावर चालण्याचा सराव केला, तेव्हा चालण्याचा वेग सुमारे 25 टक्क्यांनी वाढला आणि पावलाची लांबी सुमारे 12 टक्क्यांनी. गट लहान होता, पण या कामाला तिथून पक्की दिशा मिळाली.

इथे बघण्यासारखं काय आहे, तर थेरपिस्टने आधी काहीच वाजवलेलं नाही. तिने आजींना चालू दिलं आणि मिनिटाला किती पावलं पडतात ते मोजलं. ठेका लावला तो तेवढ्याच गतीचा. तो अंगवळणी पडल्यावर किंचित वाढवला. उत्साहाच्या भरात एखादं जलद गाणं लावलं असतं तर आजी धडपडल्या असत्या. आणि आता शेवटच्या फेरीत ती आवाज कमी कमी करत नेतेय. बघा, ठेका थांबलाय. आजी चालतायत. काही पावलं तरी तो ठेका आता त्यांच्या आत आहे.

घरच्यांना हे थांबणं सगळ्यात अवघड जातं. आपल्या माणसाचा शब्द अडला की आपण तो पुरा करतो. पाऊल अडलं की दंड धरून ओढतो. मायेनेच करतो. संगीतोपचारकाचं निम्मं शिक्षण म्हणजे हा मोह आवरणं, असं मला या कामाकडे बघताना पुन्हा पुन्हा वाटलं.

(दुसरी खोली. जमिनीवर गालिचा. एक लहान मुलगा कोपऱ्यात पाठमोरा बसून किंचाळतोय.)

हे मूल स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे. ते किंचाळतंय, आणि पियानोवर बसलेला थेरपिस्ट त्याला गप्प करत नाही. तो त्या किंकाळीचा सूर शोधतोय. सापडला. त्याच सुराभोवती तो स्वर दाबतो आणि किंकाळी थांबली की आपणही थांबतो. मूल पुन्हा ओरडतं. पियानो पुन्हा साथ देतो. तिसऱ्या वेळी मूल ओरडण्याआधी मान वळवून पियानोकडे बघतं.

अमेरिकन संगीतकार पॉल नॉर्डॉफ आणि इंग्लंडमधले विशेष शिक्षक क्लाइव्ह रॉबिन्स यांनी 1959 मध्ये इंग्लंडमधल्या एका संस्थेत विशेष गरजा असलेल्या मुलांबरोबर असं काम सुरू केलं. मूल जो आवाज, जी हालचाल करेल, तिलाच संगीत मानायचं आणि उत्तर द्यायचं, हा त्यांच्या कामाचा गाभा होता.

याने स्वमग्नता 'बरी' होते का? नाही. तसं कोणी सांगत असेल तर त्याच्यापासून मुलाला दूर ठेवा. 2017 मध्ये 9 देशांतल्या 364 मुलांवरच्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. उत्स्फूर्त वादनावर आधारलेल्या संगीतोपचाराने 5 महिन्यांत लक्षणांच्या तीव्रतेत नेहमीच्या उपचारांपेक्षा वेगळा फरक पडला नाही. हा निकाल पचवायला जड आहे, पण लपवण्यासारखा नाही. माझ्या मते त्याने एक गोष्ट स्वच्छ केली. मुलाला बदलून दाखवणं हे या खोलीचं काम नव्हे. मघाशी वळलेली ती मान आठवा. त्या मुलाने कोणाशी तरी काहीतरी सुरू केलं होतं. ते त्याच्या अटींवर पुढे नेता येतं का, एवढंच थेरपिस्ट बघत असतो.

(व्हीलचेअरला लावलेलं मोठं लाल बटण. एका मुलीचं डोकं त्याकडे झुकतंय.)

सेरेब्रल पाल्सीमुळे, म्हणजे मेंदू घडत असतानाच झालेल्या इजेमुळे, या मुलीच्या हातांवर तिचा ताबा नाही, पण मान वळते. गालाशी लावलेलं बटण दाबलं की ड्रमचा आवाज येतो. थेरपिस्ट गिटार वाजवत येतो, ठरलेल्या जागी थांबतो, आणि ती बटण दाबेपर्यंत गाणं पुढे सरकत नाही. कधी वीस सेकंद जातात. आज तिने दाबलंच नाही. दोनदा संधी आली, दोनदा तिने तोंड फिरवलं. थेरपिस्टने गिटार खाली ठेवली आणि टिपणवहीत लिहिलं, 'नाही म्हणाली.' ज्या मुलीचं जेवण, आंघोळ, झोप सगळं दुसऱ्यांच्या वेळेने होतं, तिचा नकार इथे नोंदवला जातो आणि मानला जातो. या सगळ्या चित्रीकरणात मला सर्वांत जवळचा वाटलेला क्षण तो आहे.

मेंदूला गंभीर इजा होऊन ज्यांची शुद्ध पुरती परतलेली नाही, त्यांच्यापाशी वाट पाहणं आणखी लांबतं. थेरपिस्ट पलंगाशी बसून त्या व्यक्तीचं नाव गातो, तिच्या श्वासाच्या लयीत साधा सूर धरतो, आणि डोळा वळतो का, बोट हलतं का, ते बघतो. ठरवून दिलेल्या निकषांवर ते पुन्हा पुन्हा तपासतो. त्यासाठी मॅटाडॉक नावाचं मूल्यमापनाचं साधन आहे. हा माणूस ऐकतोय की नाही, या प्रश्नाचं उत्तर कधी कधी अशा नोंदींतून हाती लागतं.

स्मृतिभ्रंशाबद्दल थोडक्यात. 2015 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवलं की जुनी गाणी ओळखताना मेंदूचे जे भाग काम करतात, ते अल्झायमरमध्ये तुलनेने उशिरा झिजतात. लेकीचं नाव विसरलेली आई अंगाई मात्र विसरत नाही, यामागे हे एक कारण असू शकतं. पण हेडफोन लावून निघून जाणं म्हणजे उपचार नव्हे. एखाद्या गाण्याला जुनं दुःख चिकटलेलं असतं. क्वचित एखाद्याला ठराविक संगीताने फिटही येते. कोणीतरी चेहरा वाचत शेजारी बसलेलं असावं लागतं.

नुसतं ऐकण्यालाही मोल आहे. हेलसिंकीमध्ये पक्षाघातानंतरच्या 60 रुग्णांवर झालेला अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. दोन महिने रोज आवडतं संगीत ऐकणाऱ्यांची शब्दांची स्मृती आणि एकाग्रता इतरांपेक्षा जास्त सुधारली. आमच्या काकांच्याही उशाशी आता एक छोटा प्लेअर आहे. गाणी त्यांनी स्वतः निवडलीत, मान हलवून.

(पहिली खोली. अकरा आठवड्यांनंतर. की-बोर्ड बंद, त्यावर कापड.)

आज थेरपिस्ट गात नाहीये. तिचे हात मांडीवर आहेत. ती विचारते, "काका, काय हवंय?"

काका डावा हात टेबलावर टेकवतात. एकदा. दोनदा. "म... ला." हात थांबतो. पुन्हा टेकतो. "पा... णी."

काकूंचा हात पेल्याकडे निघालाय. थेरपिस्ट काही बोलत नाही, फक्त त्यांच्याकडे बघते. काकूंचा हात अर्ध्यावरच थांबतो.

(शांतता. कॅमेरा हलत नाही.)

टेबलावर पाचवी थाप पडते.

"दे."