पहिलं बोन्साय, पहिलं वर्ष

ही कुंडी जेमतेम चार बोटं खोल. एवढ्याशा मातीत अख्खं झाड उभं आहे. बोन्साय म्हणजे उथळ कुंडीत लावलेलं झाड. जमिनीतल्या झाडाची मुळं पाणी शोधत लांबवर जातात, याच्या मुळांना ती सोय नाही. ती जबाबदारी आपली.

माझं पहिलं झाड जुनिपर, म्हणजे एक सदाहरित सूचिपर्णी झाड होतं. कौतुकाने ते घरात, टेबलावर ठेवलं. दोन महिने हिरवंगार दिसलं आणि मी पाणी घालत राहिलो. एके दिवशी फांदीला हात लागला, तर पानं कोरडी, ठिसूळ. जुनिपर मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवं दिसतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्याला उघड्यावरचं ऊन-वारं लागतं. घरातच ठेवायचं असेल तर फायकस, म्हणजे वड-पिंपळाच्या जातीचं झाड घ्यावं, तेही भरपूर उजेडाच्या खिडकीपाशी.

'रोज सकाळी पाणी घाला' हा सल्ला ऐकू नका. बोटाचं पहिलं पेर मातीत खुपसा. ओल लागली तर थांबा, कोरडेपणा जाणवू लागला की पाणी द्या. बारीक धारेच्या झारीने, कुंडीच्या तळातल्या भोकांतून वाहेपर्यंत. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. पाणी खाली उतरतं तसं मागोमाग ताजी हवा मातीत शिरते, म्हणून माती दाणेदार हवी. चिखल झाला की मुळं कुजलीच.

आणि माती पार सुकून घट्ट झाली असेल, तर वरून घातलेलं पाणी नुसतं कडेने निसटतं. मग कुंडी टबात अलगद बुडवायची. हे बघा... बुडबुडे येताहेत. ते थांबले की बाहेर काढायची.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात पांढऱ्या पाइनचं एक बोन्साय आहे. साधारण १६२५ पासून ते कुंडीत वाढतंय. १९४५ मध्ये हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला, तेव्हा ते त्याच शहरात यामाकी कुटुंबाकडे होतं. भिंतीच्या आडोशाने वाचलं. १९७६ मध्ये त्यांनी ते अमेरिकेला भेट दिलं. चारशे वर्षं कुणी ना कुणी त्याची माती चाचपत आलंय, या विचाराने मला अजून भरून येतं.

फांद्या वळवायला तार गुंडाळणं, मोठी छाटणी, आकार देणं, याची पहिल्या वर्षी घाई नको. कुंडी बदलणंही दोन-तीन वर्षांनी.

चार दिवस बाहेर जायचं असेल, तर शेजाऱ्याच्या हाती झारी देण्याआधी त्याला एकदा मातीत बोट घालायला लावा.