वाघ्याच्या पाण्याची वही

मंडळी, मी डॉक्टर नाही. लातुरात आयुष्यभर शाळेत शिकवलं आणि गेली अकरा वर्षं वाघ्या नावाचा एक गावठी कुत्रा सांभाळते आहे, त्याच्या कुशिंग नावाच्या संशयित आजाराविषयी बोलायला आले आहे.

२०१६ साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा वाघ्या जेमतेम वर्षाचा होता. त्या उन्हाळ्यात आम्ही तांब्या-तांब्याचा हिशेब ठेवायचो. त्याच घरात वाघ्या दिवसाला दोन लिटर पाणी पितोय, हे मला यंदा दोन महिने कळलं नाही. भांडं रिकामं दिसलं की भरायचं, एवढंच. भूकही वाढली होती. भाकरी थापायला बसले की काठवटीशी येऊन सांडलेलं पीठ चाटायचा. आम्हाला वाटलं, खातोय म्हणजे तब्येत ठणठणीत आहे.

पौषात रात्री दोन पांघरुणं लागतात, तेव्हाही तो जीभ काढून धापा टाकत होता. उन्हाळ्यात आपल्याकडे सगळीच कुत्री धापा टाकतात, पण थंडीत? तिथं मी दचकले. उताणा झोपला होता. पोट मडक्यासारखं सुटलेलं, त्यावरचे केस गेलेले, कातडी इतकी पातळ की खालच्या निळ्या शिरा मोजता याव्यात. जाऊबाई म्हणाल्या, "कामून एवढं मनाला लावून घ्यायलीस? वय झालंय त्याचं." वय झालंच आहे. पण वयानं कातडी अशी होत नाही.

डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि म्हणाले, कुशिंगची शक्यता आहे. हार्वे कुशिंग या अमेरिकन शल्यविशारदानं माणसांमधला हा आजार वर्णिला, म्हणून त्याचं नाव. शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक गरजेपेक्षा जास्त तयार होत राहतं. शंभरातल्या ऐंशी-पंच्याऐंशी कुत्र्यांत मूळ मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीतल्या बारीक गाठीत असतं, बाकीच्यांत मूत्रपिंडाजवळच्या ग्रंथीत. गाठ म्हटलं की पोटात गोळा येतो. पिट्यूटरीची ही गाठ बहुतेकदा कॅन्सरची नसते, हे डॉक्टरांना मला दोनदा सांगावं लागलं.

एक चूक मी केली, ती तुम्ही करू नका. घरात लघवी करतो म्हणून मी त्याला रागावले आणि चार रात्री पाण्याचं भांडं उचलून ठेवलं. नंतर कळलं, या आजारात मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवता येत नाही. आधी लघवीवाटे पाणी जातं, मग तहान लागते. म्हणजे मी तहानलेल्या जिवाचं पाणी तोडत होते. आपल्या भागात राहून हे केलं, याचं अजून वाईट वाटतं.

आता मापानं पाणी घालते, उरलेलं मोजते आणि वहीत लिहिते. किलोमागं दिवसाला शंभर मिलीच्या वर गेलं तर डॉक्टरांना सांगायचं. वाघ्या बारा किलोचा. तीन दिवसांचे आकडे निघाले १८५०, २०००, १९००. अर्थात मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार किंवा मादीच्या गर्भाशयात झालेला पू, यांतही तहान वाढते. म्हणून नुसत्या वहीवर निदान होत नाही. आणखी एक विचारा: खाजेसाठी वरचेवर जी इंजेक्शनं दिली, ती स्टिरॉइडची होती का? त्यांनीही हुबेहूब असंच चित्र दिसतं. पण चालू असलेलं स्टिरॉइड आपल्या मनानं एकदम तोडायचं नाही, जिवावर बेततं.

खात्री करायची तपासणी दिवसभराची असते. सकाळी कॉर्टिसॉल मोजायला रक्त, मग डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचं अगदी थोडं औषध, मग चौथ्या आणि आठव्या तासाला पुन्हा रक्त. घाबरलेल्या किंवा दुसऱ्या आजारानं बेजार कुत्र्यात हे आकडे फसवे येऊ शकतात. म्हणून मी परवानगी घेऊन आठही तास त्याच्याजवळ बसले, घरचं गोणपाट अंथरलं. निदान ठरलं तर बहुधा कॉर्टिसॉल कमी करणाऱ्या ट्रायलोस्टेनच्या कॅप्सूल, जेवणाबरोबर, जन्मभर, आणि ठरावीक काळानं रक्त तपासणी. त्या चालू असताना उलट्या झाल्या, जेवण सुटलं किंवा कुत्रा गळून पडला, तर पुढची कॅप्सूल न देता डॉक्टरांना लगेच फोन.

वाघ्याचा रिपोर्ट परवा यायचा आहे. मधल्या रात्री मला झोप लागत नाही. तो उठला की त्याच्यामागं अंगणात जाते. पायरी चढताना मागचे पाय थरथरतात, म्हणून पोटाखाली हात देते. काल एकोणीसशे पन्नास मिली प्यायला. आज इथं येताना भांडं काठोकाठ भरून आले आहे.