तीन मिलिमीटर

(गिरगाव. चाळीचा लाकडी जिना. वरून रंध्याचा आवाज.)

मला मोठी गिटार हवी होती. ड्रेडनॉट. दुकानांच्या भिंतींवर बहुतेक याच आकाराच्या टांगलेल्या असतात. मी शिकले तीही तसलीच. रुंद कंबर, चौकोनी खांदे, खोल पोट. स्वतःसाठी बनवून घ्यायची तर हीच, फक्त लाकूड चांगलं, एवढं ठरवून मी हा जिना चढले.

गिटारी घडवणाऱ्या काकांनी टेप काढलीच नाही. स्टूल पुढे सरकवलं आणि माझी जुनी गिटार माझ्याच हातात दिली. "वाजव." मी वाजवत होते आणि ते माझ्या उजव्या खांद्याकडे बघत होते.

"खांदा किती वर उचलतेस. रोज किती वेळ वाजवतेस?"

"ऑफिसहून आल्यावर दीड-दोन तास."

"स्ट्रमिंग का बोटांनी?"

"बोटांनीच जास्त, काका. आणि बरोबर गाते."

"मग एवढं पोट कशाला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ड्रेडनॉट हे नाव एका ब्रिटिश युद्धनौकेचं. 1906 साली ती समुद्रात उतरली. त्या काळच्या सगळ्या युद्धनौका तिच्यापुढे जुन्या ठरल्या. दहा वर्षांनी अमेरिकेत मार्टिन कंपनीने डिट्सन या विक्रेत्यासाठी मोठ्या पोटाची गिटार केली, तिला हे नाव मिळालं. 1931 पासून ती मार्टिनच्या स्वतःच्या नावाने विकली जाऊ लागली. माइकची सोय नसताना गाणाऱ्याला मागे भरभक्कम खर्ज लागे, तो ती देत असे. तिचा सर्वांत रुंद भाग 15⅝ इंच.

काकांनी टेबलावर दुसरा साचा ठेवला. ओएम, म्हणजे ऑर्केस्ट्रा मॉडेल. 1929 साली पेरी बेक्टेल नावाच्या बँजोवादकाच्या मागणीवरून घडलेला आकार. नेकचे, म्हणजे मानेचे, चौदा फ्रेट (बोटांखालच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) पोटाच्या बाहेर, म्हणजे वरच्या सुरांपर्यंत हात सहज पोहोचतो. रुंदी 15 इंच. फरक जेमतेम पाऊण इंचाचासुद्धा नाही. पण कंबर बारीक आहे आणि खोली कमी. मांडीवर घेतली तेव्हा माझा खांदा आपोआप खाली आला.

(जवळून: साउंडहोल, पोटावरचं गोल भोक. काका त्यावर तळहात ठेवतात, काढतात.)

पोटात हवा असते आणि त्या हवेला स्वतःचा सूर असतो. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर घुमतो, तसाच. पोट मोठं आणि साउंडहोल तेवढंच असेल, तर तो सूर खाली जातो. ड्रेडनॉटमध्ये तो साधारण 100 हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटजवळ. तिथला प्रत्येक सूर फुगून येतो. दहा बाय दहाच्या खोलीत तो आणखी फुगतो. माझ्या गाण्याखाली कायम काहीतरी गढूळ वाहतंय असं मला वर्षानुवर्षं वाटायचं. मी ते माझ्या बोटांचं अपयश समजत होते. लहान पोटात तो सूर वर सरकतो, खर्ज आटोक्यात राहतो, आणि हलक्या बोटालाही तबली, म्हणजे पोटाची वरची फळी, चटकन बोलते.

ओएम ठरली. आकार ठरायला एक दुपार लागली. पुढचे कित्येक महिने तबलीच्या आतल्या पट्ट्यांसाठी गेले.

(तबली. काका ती दोन बोटांत धरून कानाजवळ नेतात, बोटाच्या पेराने टकटक करतात.)

तबली स्प्रूसची, म्हणजे एका सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची, जाडी 2.8 मिलिमीटर. माठ घेताना वाजवून बघतात तशी काका ती वाजवतात. या पातळ फळीवर सहा पोलादी तारांचा मिळून सत्तर किलोंहून जास्त ताण येतो. एक धडधाकट माणूस रात्रंदिवस ब्रिजला, म्हणजे तारा बांधलेल्या घोडीला, लटकलेला आहे असं समजा. तो ब्रिज पुढे कलतो, मागची तबली वर फुगते, साउंडहोलकडची खाली बसते. ते थांबवण्यासाठी आतून ब्रेस, म्हणजे पट्ट्या चिकटवतात. पट्ट्या जास्त झाल्या तर तबली हलत नाही आणि गिटार मुकी राहते. कमी पडल्या तर काही वर्षांत पोट फुगून नेक सुधारायची वेळ येते.

स्पेनमध्ये तोरेस या गिटार-कारागिराने पंख्यासारख्या पसरलेल्या पट्ट्या रूढ केल्या. आवाज तबलीतून येतो हे दाखवण्यासाठी 1862 साली त्याने बाजू आणि पाठ चक्क कागदाच्या लगद्याची करून गिटार वाजती केली. मला हा माणूस फार आवडतो. पण त्याच्या तारा आतड्याच्या होत्या. आजच्या नायलॉनचा ताणही चाळीस किलोंच्या आसपासच असतो. पोलादी तारेखाली चालते ती एक्स आकाराची रचना. ती 1840 च्या दशकात अमेरिकेतल्या जर्मन कारागिरांच्या हातून आली, तीही आतड्याच्याच तारांसाठी. पोलादी तारा पुढे आल्या तेव्हा हा जुना एक्स तो भार पेलू शकला.

एक्स नेमका कुठे छेदायचा, हा काकांचा खरा प्रश्न होता. 1930 च्या दशकातल्या सुरुवातीच्या ड्रेडनॉटमध्ये छेद साउंडहोलच्या कडेपासून सुमारे एक इंचावर असे. ब्रिजभोवती तबली मोकळी राहायची, खर्ज खुलायचा. दशकाच्या अखेरीस तो मागे, ब्रिजकडे सरकवला गेला, कारण ब्रिजला जास्त आधार हवा होता. 1944 मध्ये मार्टिनने पट्ट्या मधे खोलगट तासणंही थांबवलं. लोक जाड तारा लावत होते आणि गिटारी पोट काढून परत येत होत्या.

"तारा कुठल्या लावणार ते आधी सांग," काका म्हणाले. "तारेच्या मापानेच ब्रेस तासायचा."

"बारा-त्रेपन्नच्या, काका. लाइट." (सर्वांत पातळ तार इंचाच्या बारा सहस्रांश, सर्वांत जाड त्रेपन्न.)

"लिहून दे. उद्या तेराच्या लावल्यास तर मी जबाबदार नाही." मी खरंच लिहून दिलं. ते आजही भिंतीवर आहे.

(फुटपट्टी. आडवी धरून वाकवतात. मग उभी धरतात.)

फुटपट्टी आडवी धरली की वाकते, उभी धरली की वाकत नाही. पट्टीची रुंदी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होतो. उंची दुप्पट केली तर आठपट. म्हणून ब्रेस उंच आणि सडपातळ ठेवतात, आणि म्हणूनच उंचीतला प्रत्येक कणभर महाग असतो. 15 मिलिमीटरचा ब्रेस 12 वर आणला, तर त्याचा ताठपणा जवळपास निम्मा होतो. तीन मिलिमीटरमध्ये निम्मा! हे ऐकल्यापासून मी पटाशीकडे वेगळ्या नजरेने बघते.

ब्रेसचं लाकूड आधी रेषेवर फोडून घेतात, मग कापतात. कर्वत रेषा तोडून सरळ जाते. फोडलेलं लाकूड आपल्या रेषेनेच उकलतं, त्यामुळे तंतू टोकापासून टोकापर्यंत सलग राहतात.

(पाऊस. खिडकीची काच. हवेतल्या ओलाव्याचं मीटर: 88 टक्के.)

सगळं तयार होतं जुलैमध्ये, आणि काकांनी हात लावला नाही. लाकूड ओलावा पिऊन आडवं फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. या हवेत ब्रेस चिकटवले तर फुगलेली तबली त्या मापाला कायमची बांधली जाते. पुढे एसी ऑफिसात किंवा उन्हाळ्यात पुण्याला नेली की ती आकसायला जाते, ब्रेस तिला आकसू देत नाहीत, आणि तबलीला चीर पडते. माझ्या पहिल्या गिटारीचं उलट झालं होतं. पावसाळ्यात तिचं पोट वर आलं, तारा फ्रेटपासून इतक्या उचलल्या गेल्या की बोटांना वळ उठायचे.

आम्ही थांबलो. डिसेंबरात काकांनी पोटमाळ्यावरची खोली बंद केली, एसी आणि डिह्युमिडिफायर लावला, तबली आणि ब्रेस आठवडाभर आत ठेवले. मीटर 45 वर स्थिर झालं तेव्हा तबली किंचित खोलगट पाटावर पालथी ठेवली. ब्रेसला सरस लावला. ब्रेस आणि वरची फळी यांच्यामध्ये बांबूच्या कामट्या वाकवून अडकवल्या. वीस-पंचवीस कामट्या, प्रत्येक धनुष्यासारखी ताणलेली.

(दुसरा दिवस. पटाशी. पातळ साल निघते.)

आता तासणं. काका एक साल काढतात, तबली वाजवतात, पुन्हा एक. मिरजेला तानपुऱ्याची जवारी काढणाऱ्याला मी असंच काम करताना पाहिलं आहे. घोडीवरून कानशीचा एक हलका हात, मग तार, मग पुन्हा कानस. आधी तबलीचा आवाज लाकडी फळीचा होता, ठक. हळूहळू त्यात शेपूट येऊ लागलं. तेरा सालींनंतर ती टकटकीनंतरही क्षणभर गुणगुणत राहिली.

"अजून थोडं, काका?"

त्यांनी माप घेतलं. छेदाजवळ 13.5. दीड मिलिमीटर गेला होता, म्हणजे ताठपणाचा पाव हिश्श्याहून थोडा जास्त भाग.

"तुझ्या तारांना एवढं पुरे."

त्यांनी पेन्सिल घेतली. ब्रेसच्या बाजूवर, पाठ बसल्यावर कुणाला सहज दिसणार नाही अशा जागी, उंची लिहिली, तारीख लिहिली, मीटरवरचा आकडा लिहिला. मग पेन्सिल माझ्या हातात दिली, आणि मी खाली तारांचं माप लिहिलं.