चंद्रपूरची दोन धुराडी

नमस्कार श्रोतेहो.

चंद्रपूर जिल्ह्यात फिरताना दोन प्रकारची धुराडी दिसतात. एक २,९२० मेगावॉट क्षमतेच्या महाऔष्णिक वीज केंद्राची. दुसरी राजुरा-कोरपना पट्ट्यातल्या सिमेंट कारखान्यांची. लांबून बघणाऱ्याला दोन्ही सारखीच. पण कार्बन डायऑक्साइडचा प्रश्न सोडवायचा म्हटलं, तर दोघांवरचा इलाज वेगळा आहे आणि तो वेगळाच ठेवावा, असं मला वाटतं.

वीज केंद्र कोळसा जाळतं ते वीज हवी म्हणून. ती दुसरीकडून मिळाली, तर तो जाळायचं कारणच संपतं. सिमेंटचं तसं नाही. चुनखडी भट्टीत तापली की तिचा चुना होतो आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. हा वायू दगडातलाच. उद्या ती भट्टी सगळीच्या सगळी सौर विजेवर चालवली, तरी तो सुटणारच. सिमेंटमुळे हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी निम्म्याहून जास्त असा थेट दगडातून येतो. तिथे तो धुराड्यातच पकडण्यावाचून फारसा पर्याय नाही.

पकडतात कसा? धूर एका उंच मनोऱ्यात खालून सोडतात, वरून अमाइन नावाच्या रसायनाचं पाणी शिंपडतात. अमाइन फक्त कार्बन डायऑक्साइडला धरून ठेवतं. मग ते द्रावण दुसऱ्या मनोऱ्यात नेऊन १२० अंशांच्या आसपास तापवलं, की वायू सुटा होतो आणि अमाइन पुन्हा कामाला लागतं. नॉर्वेत ब्रेविक इथल्या सिमेंट कारखान्यात २०२५ मध्ये असा प्रकल्प सुरू झाला. वर्षाला ४ लाख टन, म्हणजे त्या कारखान्याचा साधारण निम्मा कार्बन डायऑक्साइड पकडायचा आणि जहाजाने नेऊन उत्तर समुद्राच्या तळाखाली गाडायचा, अशी ही योजना.

मग हेच यंत्र औष्णिक केंद्राला का जोडू नये? जोडता येतं, पण अमाइन तापवायला वाफ लागते. ती त्याच बॉयलरमधून घ्यायची म्हटलं, तर वीज पाचव्या-चौथ्या हिश्शाने घटते. ती भरून काढायला आणखी कोळसा जाळा, आणखी राख उपसा. कॅनडात बाउंडरी डॅम इथे २०१४ पासून हा प्रयोग चालू आहे. वर्षाला १० लाख टनांचं उद्दिष्ट होतं, ते बहुतेक वर्षी हुकलं.

काहीजण म्हणतात, धुराड्याचं सोडा, थेट हवेतूनच कार्बन ओढून घेऊ. आइसलँडमध्ये २०२४ साली ‘मॅमथ’ नावाचा कारखाना त्यासाठी उघडला. पूर्ण क्षमता वर्षाला ३६ हजार टन. आता चंद्रपूरचा ५०० मेगावॉटचा एकच संच घ्या. पूर्ण भाराने चालला तर दिवसाला ढोबळमानाने ११-१२ हजार टन कार्बन डायऑक्साइड सोडतो. म्हणजे मॅमथची वर्षभराची कमाई आपला एक संच तीन दिवसांत उधळणार.

तरी आइसलँडची एक गोष्ट आपल्या कामाची आहे. तिथे पकडलेला वायू पाण्यात विरघळवून बेसॉल्ट खडकात सोडतात. खडकातलं कॅल्शियम त्याला धरतं आणि त्याचा कॅल्साइट, म्हणजे दगडच होतो. २०१६ मध्ये तिथल्या संशोधकांनी दाखवलं की हे व्हायला दोन वर्षंही लागली नाहीत. आता हा बेसॉल्ट म्हणजे आपला काळा पाषाण. चंद्रपूरहून पश्चिमेला यवतमाळकडे निघालात की तो सुरू होतो आणि पार सह्याद्रीपर्यंत संपत नाही. विहीर खणताना फुटलेल्या काळ्या दगडाच्या पोकळीत पांढरे स्फटिक चमकताना तुम्ही पाहिले असतील. त्यातल्या कॅल्साइटवर सौम्य आम्लाचा थेंब टाकला तर फसफसून बुडबुडे येतात. ते बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचेच. निसर्गाने हे काम इथे आधीच करून ठेवलंय.

पण लगेच हुरळून जाऊ नका. एक टन वायूमागे सुमारे २५ टन पाणी लागतं, आणि विदर्भ-मराठवाड्यात पाण्याची गोष्ट कुणाला सांगायची! शिवाय आपला खडक साडेसहा कोटी वर्षं जुना, त्याची बरीचशी भोकं खनिजांनी बुजलेली. कोयनेच्या परिसरात तर जमिनीखाली दाबाने पाणी सोडायचं नाव काढताना १९६७ चा भूकंप आठवावाच लागेल.

तेव्हा पकडण्याची खटपट सिमेंटसाठी राखू. विजेसाठी आपल्याकडे ऊन आहे.

आता ऊन जितकं कडक तितकी वीज जास्त, असा एक समज आहे. पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको. सिलिकॉन पॅनेलची क्षमता २५ अंशांवर मोजतात. त्यापुढे दर अंशाला ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी होते. मे महिन्यात चंद्रपूरला पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापलं, की सातवा हिस्सा गेला.

१९५४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅबने प्रत्यक्ष वापरता येईल असा पहिला सिलिकॉन घट, म्हणजे सौर सेल, बनवला, तो उन्हातली ६ टक्के ऊर्जा विजेत बदलायचा. एकट्या सिलिकॉनची कमाल मर्यादा २९ टक्क्यांच्या थोडी वर आहे. ती ओलांडायला आता पेरोव्स्काइट नावाच्या स्फटिकाचा पातळ थर सिलिकॉनवर चढवतात. एकावर एक दोन चाळण्या ठेवाव्यात तसं. निळसर, जोमदार प्रकाश वरचा थर अडवतो, तांबूस आणि अवरक्त प्रकाश खालच्या सिलिकॉनच्या वाट्याला येतो. जपानच्या मियासाका यांनी २००९ मध्ये पेरोव्स्काइटचा घट केला तेव्हा कार्यक्षमता होती ३.८ टक्के. २०२४ मध्ये चीनच्या लाँगी कंपनीचा असा दुहेरी घट ३४.६ टक्क्यांवर पोचला. आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीतही यावर काम चालू आहे. तेवढ्याच जमिनीत, तेवढ्याच गच्चीवर जास्त वीज, हा याचा खरा फायदा.

अडचण टिकाऊपणाची. पेरोव्स्काइटला ओल सोसत नाही. ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रतेत सलग १,००० तास ठेवायची एक चाचणी आहे. सिलिकॉनची पॅनेलं ती सहज पार करतात, यांना तिथेच घाम फुटतो. कोकणातला पाऊसकाळ तर वर्षानुवर्षं झेलायचाय. पेरोव्स्काइटमध्ये शिसंही असतं, म्हणजे फुटक्या पॅनेलची विल्हेवाट आधी ठरवायला हवी. आणि सूर्य मावळल्यावर काय, हा प्रश्न कुठलंच पॅनेल सोडवत नाही. त्याला बॅटरी हवी, नाहीतर घाटघरसारखा, पाणी वर चढवून पुन्हा खाली सोडणारा २५० मेगावॉटचा प्रकल्प. असे बरेच लागतील, आणि तोवर चंद्रपूरचे सगळे संच बंद होणार नाहीत.

गच्चीवर सौर बसवायचं ठरवलंय, पण ‘नवीन येतंय म्हणतात, थांबू का?’ असं विचारणारे बरेच भेटतात. थांबू नका. सिलिकॉन घ्या, त्यावर २५ वर्षांची हमी सर्रास मिळते. पेरोव्स्काइटवाला दारात आला, तर टक्केवारी नंतर ऐका. आधी हमी किती वर्षांची, ते कागदावर लिहून मागा.

नमस्कार.