पत्त्यातला ‘एम’

फोनवर काही जुन्या साइट उघडून ब्राउझरच्या पत्त्याकडे नीट बघा. सुरुवातीलाच एक ‘एम’ आणि त्यापुढे टिंब. फोनवाल्यांचं दार वेगळं आहे, हे सांगणारी ही पाटी.

२००७ साली पहिला आयफोन आला. स्क्रीन ३२० बाय ४८० पिक्सेलची. त्यातला सफारी हा ब्राउझर मात्र साधारणपणे पान ९८० पिक्सेल रुंद धरून मांडायचा आणि मग आक्रसून त्या काचेत बसवायचा. अक्षरं मुंगीएवढी. वाचायचं तर दोन बोटांनी ताणत बसा. अशा वेळी फोनसाठी हलकी, निराळी आवृत्ती लिहिणं शहाणपणाचंच होतं. अडचण एकच: दारात कोण उभं आहे, हे सर्व्हरला, म्हणजे पान पाठवणाऱ्या संगणकाला, कळणार कसं?

त्यासाठी ब्राउझरची एक ओळ कामी येते. हिला म्हणतात यूजर एजंट. ब्राउझर दर मागणीसोबत ही ओळख पाठवतो. सुरुवात, ‘मोझिला/५.०’. क्रोम, सफारी, एज, सगळेच स्वतःला मोझिला म्हणवतात! नव्वदच्या दशकात काही साइट फ्रेम असलेली, म्हणजे एका खिडकीत अनेक भाग दाखवणारी पानं फक्त नेटस्केप या ब्राउझरला, म्हणजे ‘मोझिला’ला द्यायच्या. बाकीच्यांनी तोच मुखवटा चढवला, तो आजतागायत उतरलेला नाही. अशा ओळखपत्रात ‘मोबाइल’ हा शब्द शोधायचा आणि पाहुण्याला इकडे नाहीतर तिकडे धाडायचं. २०१९ मध्ये तर आयपॅडवरचा सफारी आपण मॅक संगणकच आहोत असं सांगू लागला. मग साइट त्याला डेस्कटॉपचं पान धाडू लागल्या, आणि माउस नुसता वर नेला की उघडणारे मेनू बोटांसमोर येऊन उभे राहिले. बोटाला ‘नुसतं वर नेणं’ ठाऊकच नसतं.

लिंकचा घोळ आणखी वेगळा. फोनवरून पाठवलेला विकिपीडियाचा लेख संगणकावर उघडला, की त्या ऐसपैस स्क्रीनवर फोनसाठीचं पान. वर्षानुवर्षं असंच चाललं. ‘एम’कडे वळवणारा रस्ता होता, परतीचा नव्हता.

पण हे सगळं किरकोळ वाटावं, असा खर्च आत कोडमध्ये होतो. डेस्कटॉपच्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढतो. भरणं सक्तीचं. मोबाइलचा फॉर्म दुसऱ्या कोडमध्ये, तिथे तो वाढवायचा राहून जातो. सर्व्हर म्हणतो, ‘माहिती अपुरी आहे.’ फोनवरचा माणूस सगळं पुन्हा तपासतो, पुन्हा सबमिट दाबतो, पुन्हा तेच. जे भरायचं राहिलंय ते त्याच्या स्क्रीनवर नाहीच.

मे २०१० मध्ये वेब डिझायनर ईथन मार्कॉट यांनी ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ या लेखात दुसरी वाट दाखवली. एचटीएमएल, म्हणजे पानाचा मूळ कोड, एकच. ग्रिड लवचिक, चित्रं लवचिक, आणि मीडिया क्वेरी, म्हणजे रुंदीप्रमाणे मांडणी बदलणारे नियम. सर्व्हरने अंदाज बांधायचा नाही. खिडकीची रुंदी ब्राउझरला ठाऊक असते, मांडणी त्यानेच जुळवायची. फोनला वेगळं पान हवं का, हा बातम्या आणि लेखांपुरता वाद बहुतेक तिथेच मिटला.

अ‍ॅप्लिकेशनचा नाही मिटला. चौदा रकान्यांचा तक्ता घ्या. अरुंद स्क्रीनवर रकाने एकाखाली एक लावले की बसतात खरे, पण दोन ओळी शेजारी ठेवून ताडून बघायची सोय जाते, आणि तक्ता तर त्यासाठीच होता. सीएसएसने, म्हणजे मांडणी ठरवणाऱ्या कोडने, भाग लपवला तरी त्याचं एचटीएमएल आणि स्क्रिप्ट फोनवर उतरतंच. शिवाय कामही वेगळं: टेबलाशी बसलेला माणूस कीबोर्डवरून पन्नास नोंदी दुरुस्त करतो, चालता-चालता फोन काढणाऱ्याला एका नोंदीला मंजुरी द्यायची असते. या दोघांना वेगळे स्क्रीन द्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. सुरी मात्र जपून चालवावी. पत्ता एक, एपीआय (स्क्रीन आणि सर्व्हर यांच्यातल्या देवाणघेवाणीची वाट) एक. परवानग्या, हिशेब, तपासणी सर्व्हरवर, एकदाच लिहिलेली. आणि कुणी ‘डेस्कटॉप साइट’ मागितली, तर मुकाट्याने द्यायची.

आता तोच फॉर्म पुन्हा बघा. कोणते रकाने सक्तीचे, ही यादी या वेळी सर्व्हरच दोन्हीकडे पाठवतो. एक रकाना वाढवला. डेस्कटॉपवर तो उजव्या कोपऱ्यात आला. फोनवर, सबमिटच्या अगदी वर.